समितीसमोर मावशीशी भांडलो

माय,

आज सकाळपासून माझे पाय जमिनीला लागत नाहीत. कर्वेनगरला जे घडलं ते खोलीतल्या पोरांना सांगून झालं, कोपऱ्यावरच्या चहावाल्याला सांगून झालं, मुकादमाला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, बरं झालं, उद्या कामावर वेळेत ये. कुणालाच पुरतं कळलं नाही. ज्या बाईला कळलं असतं ती तू, आणि तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तेव्हा तुझ्या कंबरेला लागणारा मी आता दारातून वाकून आत येतो. एवढ्या वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. तुला वाचता येत नव्हतं आणि मला धड लिहिता येत नव्हतं, त्यामुळे आपल्या दोघांत पत्राचा विषयच नव्हता. शाळा मी चौथीत सोडली. पुढचं वाचन मला पुण्यातल्या पाट्यांनी शिकवलं. इथल्या पाट्या माणसाला दरडावतात, त्यामुळे त्या वाचाव्याच लागतात. आता मी बऱ्यापैकी लिहितो, थोडं वाकडं, पण लिहितो. मराठीत लिहितोय म्हणून रागावू नकोस. आपल्या बोलीत आज मी जे बोललो तेच सांगायला बसलोय, पण एवढं लांबलचक सांगण्याइतकी ती अजून माझ्या हातात आलेली नाही.

पांढरकवड्याच्या पलीकडे उतारावर आपलं पोड, कोलामांची मोजकी घरं, तट्ट्याच्या भिंती शेणामातीने लिंपलेल्या. दिवेलागणीला तू चुलीशी बसतेस आणि मी तुझ्या पाठीला पाठ लावून. तू गोष्ट सुरू करतेस. प्रत्येक वाक्याला मी हुं म्हणायचं, हा आपल्याकडचा कायदा. हुं आलं तर गोष्ट पुढे जाणार, नाही आलं तर सांगणारा तिथेच थांबणार. तू म्हणायचीस की रानात एकट्याने जाऊ नये तसं गोष्टीतही एकट्याने जाऊ नये, मागून कुणाची तरी पावलं वाजली पाहिजेत. मी पेंगायला लागलो की माझं हुं नुसतं सवयीने यायचं. ते तुला बरोबर कळायचं. मग तू गोष्टीत मधेच काहीतरी भलतं घालायचीस, की हत्ती चिंचेच्या शेंड्यावर जाऊन झोपला, आणि मी त्यालाही हुं म्हणालो की पाण्याचा एक गार शिपका माझ्या मानेवर. गोष्ट त्या दिवसापुरती बंद. हत्तीला झाडावरून उतरवायचं काम उद्याचं.

त्याच काळातला बाजाराचा दिवस मला फार नीट आठवतो. तू बांबूची सुपं आणि टोपल्या मांडून बसली होतीस आणि मी समोरच्या हलवायाकडे बोट दाखवून आपल्या बोलीत मोठ्याने काहीतरी मागितलं. काय मागितलं ते आठवत नाही, पण तिथे उभी असलेली माणसं हसली. एकाने माझीच नक्कल करून मला ऐकवली, मग सगळे पुन्हा हसले. तू माझा दंड धरून मला बैलगाडीच्या मागे नेलंस आणि माझ्याशी पहिल्यांदा मराठीत बोललीस. "लोकाइत आपलं बोलू नोको. हसतेत." मारलं नाहीस, आवाजही चढवला नाहीस. पण त्या दिवसापासून तू घरातसुद्धा दिवसभर माझ्याशी तुझं ते बाजारापुरतं मराठी बोलायला लागलीस. सूप विकायला लागतं तेवढंच मराठी तुला येत होतं, आणि तेवढ्यावर तू मला वाढवायला निघाली होतीस. आपली बोली फक्त गोष्टीपुरती उरली. मग पोळ्याच्या सुमारास तापाने तू गेलीस, गोष्ट गेली आणि तिच्याबरोबर बोलीही. बा तर आधीच गेला होता. मला आश्रमशाळेत टाकलं, तिथून मी पळालो, आणि तेव्हापासून पळतोच आहे.

पुण्यात मी काय काय केलं ते ऐकलंस तर तुला घेरी येईल. ढाब्यावर भांडी, मग हडपसरला आयटी पार्कच्या इमारतीवर विटा, मग तीच इमारत उभी राहिल्यावर तिच्या दारात पहारा. कुठेच टिकलो नाही. मुकादम म्हणतो, तुझ्या पायाला भिंगरी आहे, तुला रस्ताच दिला पाहिजे. आणि खरंच मला रस्ता मिळाला. केबलसाठी चर खोदायच्या कामावर लागलो आणि तिथून जोडणीच्या कामावर. माय, केसाएवढी काचेची तार असते, तिच्यातून उजेड जातो आणि त्या उजेडातून माणसांचं बोलणं जातं. आमच्या हडपसरच्या काचेच्या इमारतींत बसून पोरं तिकडे अमेरिकेतल्या माणसांशी त्यांच्या भाषेत बोलतात, आणि ते बोलणं मी रस्त्याखालच्या चेंबरमध्ये उकिडवा बसून जोडतो. तार तुटली की दोन टोकं यंत्रात समोरासमोर धरायची, ठिणगी पडते, टोकं एक होतात. हे काम मला सोडवत नाही. पहिलंच असं काम.

तर ह्या कामानेच मला कर्वेनगरला नेलं. एका जुन्या बंगल्यात एक छोटी संस्था आहे, त्यांच्याकडे नवीन लाइन टाकायची होती. मी टेबलाखाली भिंतीला तार ठोकत होतो आणि वर कुणीतरी कॉम्प्युटरवर आवाज लावला. म्हाताऱ्या बाईचा आवाज, खरखरीत. मी हातोडी उचललेली तशीच धरली. तिने ईर म्हटलं आणि मला पाणी दिसलं. तिने कीस म्हटलं आणि मला विस्तव दिसला. बाकीचं पुसट होतं, पण त्या बोलण्याची चाल मला ओळखीची होती, आणि बाई वाक्याच्या शेवटी थांबली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, हुं.

वरचा आवाज कुणीतरी बंद केला. मग पांढऱ्या मिशांचे एक सर टेबलाखाली वाकले. कॉलेजातून निवृत्त झालेले, शनिवार पेठेतून रोज स्कूटरवर येतात, हे मला मागाहून कळलं. त्यांनी विचारलं, टेबलाखालून दाद कोण देतंय? मी म्हणालो, ही बोली मला येते, माझ्या मायची आहे. त्यांनी मला चष्म्यावरून पाहिलं.

"अहो, मग इतकी वर्षं टेबलाखाली काय करत होतात?"

पुण्यातली माणसं आनंद झाला की असंच बोलतात हे मला तोवर कळलं होतं. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि सगळं सांगितलं. ज्या लहान भाषा मरणाला टेकल्यात त्यांची नोंद करायला एक समिती नेमली आहे. ज्या गटाची भाषा जिवंत ठरेल तिच्यासाठी पहिलीच्या पोरांची पुस्तकं मागता येतील, शाळेत ती बोलणारा माणूस मागता येईल, ती फोनमध्ये घालायचं काम धरता येईल. संस्थेकडे कोलामीचे आवाज होते, पण ते सगळे आपल्या मुलखातल्या नदीच्या पलीकडचे. आपल्या बाजूची तऱ्हा वेगळी आणि आपल्या बाजूचं कुणीच सापडलं नव्हतं. सापडलं नाही तर कागदावर एवढंच लिहिणार होते की नदीच्या अलीकडे आता बोलणारे उरलेले नाहीत. आणि एकटा माणूस चालणार नव्हता. सर म्हणाले, "एकटा बोलला तर ती आठवण. दोघं बोलले तर ती भाषा. हे समितीचं म्हणणं, माझं नव्हे. पण बरोबर आहे."

मी म्हणालो, आम्ही दोघं आहोत, मी आणि माझी मावशी. हे मी इतक्या जोरात म्हणालो की माझाच विश्वास बसला.

मावशी म्हणजे तुझी धाकटी बहीण, नाल्यापलीकडच्या पोडावरची. तिच्याकडे मी क्वचित जायचो आणि गेलो की आम्ही मराठीतच बोलायचो. तिला फोनवर सांगायला मला जड गेलं. ती म्हणाली, "पुण्याले येऊन गोष्ट सांगू? तिकडं काय माणसाइले गोष्टी नाहीत?" पण आली. हडपसरच्या गाडीतळावर पहाटेच्या गाडीतून उतरली, डोक्यावर गाठोडं, आणि एवढ्या रिक्षा बघून म्हणाली की ह्या सगळ्या मलाच न्यायला आल्यात का.

संस्थेत आवाज धरायची एक खोली आहे. भिंतींना गाद्या लावल्यासारखं काहीतरी, दाराला जाड काच. तिथे मावशीला एकटीला बसवलं, समोर माइक. कॉम्प्युटरवर बसणारी एक मुलगी होती, हुशार, कानाला मोठे डबे लावलेली. तिने आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं आणि पंखासुद्धा बंद केला. मावशीने सुरुवात केली. एक वाक्य बोलली, थांबली. आमच्याकडे काचेतून पाहिलं. अजून एक वाक्य बोलली, थांबली. मग नुसती बसून राहिली, हात मांडीवर. मुलगी हळू आवाजात म्हणाली, विसरल्या बहुतेक. सरांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, वय झालं की होतं असं, आपण उशिरा पोचलो. ते खरोखर उतरलेल्या चेहऱ्याने बोलत होते. आणि मी त्या काचेतून मावशीकडे पाहत होतो, माय, आणि एकदम मला कळलं की ती काही विसरलेली नाही. ती वाट पाहतेय. तिच्या मागे पावलंच वाजत नव्हती.

मी दार उघडून आत गेलो. मुलगी म्हणाली, "दादा, तुमचा आवाज येईल ना त्यात." सर म्हणाले, येऊ दे. मी मावशीच्या पायाशी खाली बसलो आणि हुं म्हणालो. झालं. नाल्याचा बांध फुटावा तशी गोष्ट आली. सासुरवाशीण आली, तिचा हरवलेला बैल आला, बैलाला शोधताना वाटेत भेटलेलं अस्वल आलं. मावशीचे हात मांडीवरून उठले. मी हुं म्हणत होतो, ती चढत होती. काचेपलीकडे सर उभे राहून ऐकत होते आणि मुलगी हसत होती, आणि मला वाटत होतं की आता छत उडून जाईल.

संपल्यावर आम्ही बाहेर टपरीवर गेलो. मावशी बशीत चहा ओतून फुंकत बसली. मग म्हणाली, "तुले काही समजत नाही ना बे?" मी म्हणालो, समजतं की. ती म्हणाली, "मधात म्या म्हटलं, तुही माय अस्वलासंगं पळून गेली. तू म्हणालास, हुं."

माय, हा तर तुझाच झाडावरचा हत्ती. तुम्ही दोघी बहिणी एकाच घरात एकच खोडी शिकलेल्या. ती हसत सुटली, इतकी की चहा साडीवर सांडला. मी हसलो नाही. मी तसाच आत गेलो आणि सरांना सांगून टाकलं की तुम्हाला वाटतं तसं नाही, मला ही बोली येत नाही, मला फक्त हुं येतं. सर कागद लावत होते. मान वर न करता म्हणाले, "ठाऊक आहे. पलीकडच्यांचं ऐकून ऐकून अस्वल मलासुद्धा कळलं हो." मग म्हणाले, समितीची माणसं दिवाळीनंतर येणार आहेत, त्यांना गोष्ट नको, तुम्हा दोघांचं साधं बोलणं हवं. मध्ये दिवस आहेत. शिका. मी विचारलं, नाही जमलं तर? ते म्हणाले, तर मी खरं ते लिहीन. खोटं लिहून भाषा जगत नाही, फक्त अहवाल जगतो.

मग सुरू झालं माझं शिक्षण. मावशी हडपसरच्या खोलीत राहिली आणि तिने मराठी बंद केलं. सकाळी चहा ठेवायची, कप स्वतःच्या हातात धरून बसायची आणि मी आपल्या बोलीत मागेपर्यंत देत नसे. चुकलो की पिऊन टाकायची. पहिले काही दिवस मी चहाविना कामावर गेलो. खोलीतली पोरं वर्ध्याची नि चंद्रपूरकडची, त्यांना आधी मजा वाटली, मग त्यांनाही चहा तसाच मागावा लागला, आणि एक जण माझ्या आधी शिकला याचा मला फार राग आला. मी फोनमध्ये मावशीचे शब्द भरून घेतले. चेंबरमध्ये उतरलो की ते ऐकायचो आणि मोठ्याने म्हणायचो. वरून जाणारी माणसं थबकायची. रस्त्याच्या पोटातून कुणीतरी अगम्य ओरडतंय, आणि वर टोपी घातलेला माझा जोडीदार निर्विकार उभा. तो सांगायचा, काही नाही, नेटवर्क चेक करतोय.

शब्द येत होते. पण बोलणं येत नव्हतं, त्याला काय करायचं? प्रत्येक वाक्य मी आधी मराठीत करायचो, मग एकेक शब्द उचलून पलीकडे ठेवायचो, भिंत बांधल्यासारखं. मावशी ऐकून घ्यायची आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागायची. तिचं ते तांदूळ निवडणं मला खायला उठायचं. तू दिलेली एकच गोष्ट मला वारशाने मिळायची होती आणि ती माझ्या चुकलेल्या वाक्यांमुळे कागदावर मेलेली लिहिली जाणार, हा विचार घेऊन मी फिरत होतो.

आणि आज समिती आली. एक बाई, कडक इस्त्रीची साडी, आणि एक गृहस्थ, जे सारखे घड्याळ बघत होते. त्यांच्याबरोबर नदीपलीकडचा एक तरुण मास्तर होता, त्याला बोली येत होती, तो त्यांना अर्थ सांगणार होता. आज काचेची खोली नव्हती, साध्या टेबलाशी बसलो. मावशीने विचारलं, तुझं काम काय. मी सांगितलं. तिने विचारलं, राहतोस कुठे. मी सांगितलं. शब्द एकही चुकला नाही, आणि मला स्वतःलाच ऐकू येत होतं की मी शाळेत पाढे म्हणतोय. गृहस्थ सरांकडे वळून म्हणाले, हे पाठ करून घेतलेलं दिसतंय. सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला, आणि मला कळलं की आता संपलं.

तेव्हा मावशी माझ्याकडे पूर्ण वळली. खुर्ची ओढून जवळ आली आणि आपल्या बोलीत म्हणाली, किती वाळलास रे, तुझ्या मायच्या हाताखाली होतास तसाच दिसतोस. तिला कुठे येत होता स्वयंपाक? तिची भाकर एका अंगाने कोळसा नि दुसऱ्या अंगाने कच्ची. शेजारी हसायचे. तुझा बा काय म्हणून खायचा देव जाणे.

माय, मला माहीत नाही कसं झालं. मी मराठीत विचार केलाच नाही. तोंड उघडलं आणि ते आलं. मी म्हणालो, तिला नावं ठेवू नकोस. तिची भाकर कधी करपली नाही. तू कधी आली होतीस आमच्याकडे जेवायला? ती तापाने फणफणली होती तेव्हा कुठे होतीस तू? निरोप गेला होता तुला. बहीण म्हणवतेस. मी उभा राहिलो होतो वाटतं. टेबलावर हात आपटला होता वाटतं. मावशीही उभी राहिली. ती ओरडली की नाल्याला पूर होता, बैलसुद्धा उतरत नव्हता, मी दिवसभर काठावर उभी राहून तिला हाका मारल्या, घसा बसला माझा, कुणीतरी ऐकेल म्हणून हाका मारत राहिले. पुढे तिचा आवाज एकदम खाली आला. म्हणाली, तिने ऐकल्या की नाही ते मला आजपर्यंत कुणी सांगितलं नाही.

आणि मला ते आठवलं. कुठल्या कप्प्यात पडून होतं कोण जाणे, ह्या बोलीत घडलेलं होतं म्हणून ह्या बोलीतच परत आलं. तू घोंगडीवर पडलेली आहेस, डोळे मिटलेले, तापात ते बाजारचं मराठी विसरलेली, आणि एकदम म्हणतेस, दार उघड, ती आली. मी दार उघडतो. बाहेर नुसता पाऊस. मी सांगतो, कुणी नाही. तू म्हणतेस, आहे, नीट बघ. हे सगळं मी मावशीला सांगितलं. एकही शब्द शोधावा लागला नाही. मावशी मटकन खुर्चीत बसली आणि पदर तोंडाला लावला.

गृहस्थांनी पलीकडच्या मास्तरला विचारलं, काय चाललंय? मास्तर डोळे पुसत होता. त्याने एवढंच सांगितलं, भांडतायत, घरचं आहे. बाई हसल्या, पण चांगल्या हसल्या, बाजारातल्यासारख्या नाही. त्या म्हणाल्या, "ज्या भाषेत असं भांडता येतं ती जिवंत धरायला माझी हरकत नाही." गृहस्थांनी पहिल्यांदाच घड्याळाकडे न बघता मान हलवली आणि लिहून घेतलं. सर चष्मा चढवत म्हणाले, मग पुण्याच्या भाषेची चिंता नको, ती अमर आहे.

पुढचं सगळं अजून व्हायचं आहे. वर कागद जाईल, तिथे कोण काय म्हणेल कुणास ठाऊक, पुस्तकं येतील न येतील. सरांनी मला आधीच बजावलंय की सरकारी कामाला हुं म्हणत बसायला फार दम लागतो. पण आपल्या बाजूला बोलणारे आहेत, हे आज लिहिलं गेलं. आणि सर म्हणाले की सुट्टी काढून गावाकडे चला, तुमच्या पोडावरून सुरुवात करू, अजून कुणी सापडतं का बघू. मुकादमाने मला काढलं तरी मी जाणार आहे. मला आत्ताच निघावंसं वाटतंय. बाजारात उभा राहून त्या हलवायासमोर मोठ्याने काहीतरी मागावं असं वाटतंय, आणि हसले तर हसू दे.

बसमधून परत येताना मावशी खिडकीशी बसली होती. मग तिने आपल्या बोलीत विचारलं, खरंच ती म्हणाली, दार उघड? मी म्हणालो, खरंच म्हणाली. तिने माझा हात घेतला आणि गाडीतळ येईपर्यंत सोडला नाही. आता आत झोपली आहे. मी जिन्यात बसून लिहितोय, खाली रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट चालू आहे.

हे पत्र मी मावशीच्या गाठोड्यात घालणार होतो. ती परवा जाणार आहे. तुला जाळलं त्या जागेशी तिने ते दगडाखाली ठेवावं, असं मनात होतं. पण ती तसं ठेवणार नाही हे मला माहीत आहे. वाटेत ती कुणाकडून तरी वाचून घेईल, आणि मग माझी धडगत नाही. म्हणून हे माझ्यापाशीच राहू दे. दाराचं मी तिला खरं तेच सांगितलं, माय. पण भाकरीचं ती म्हणत होती तेच बरोबर होतं. तुझी भाकर रोज करपायची.